८–९, २४–२५, ४०–४१

सर्वपित्रीला मी दुकान उघडत नाही. घरचं एखादं पुस्तक मात्र बांधायला काढतो. अण्णांचं पान आम्ही याच अमावास्येला वाढतो, आणि अण्णांनी जन्मभर पुस्तकंच बांधली.

सकाळी स्वयंपाकघरात खीर शिजते, पडवीत स्टोव्हवर माझी खळ. दोन्ही सारख्या ढवळाव्या लागतात, नाहीतर गुठळ्या ठरलेल्या. पुढे कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालतो; ते पडलं विष, म्हणून आईने माझ्या पातेल्याला उंबरा कधी ओलांडू दिला नाही.

यंदा लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ काढलं. १९३४ पासून भागाभागाने आलेलं हे आत्मचरित्र. आमची प्रत बरीच नंतरची, अण्णांनी शिवलेली. विशीत मी शहाणपणा करून तिच्या कण्यावर पांढरा गोंद चोपडला होता. खळ ओल्या फडक्याने सुटते. हा गोंद कागद घेऊनच निघतो. तासभर स्वतःला शिव्या घालत खरवडत बसलो.

उसवायला घेतलं तर गाठी उलट्या टोकाला. अण्णा डावखुरे होते, हे विसरूनच गेलो होतो. पातं जरा थबकलं. पण दोरा कुजला होता, कापला.

जुजबंदीत प्रत्येक फर्मा मध्यावर उघडून घडीतून सुई काढावी लागते. सोळा पृष्ठांचा फर्मा असेल तर ८–९, मग २४–२५, मग ४०–४१. (सुरुवातीची पृष्ठं वेगळी मोजली असली की हिशेब सरकतो.) अण्णा सुई तिथेच अडकवून तेवढी दोन पानं वाचायचे. आख्खं पुस्तक त्यांनी वाचल्याचं मला आठवत नाही. गिऱ्हाईक न्यायला आलं की विचारायचे, “त्या बाईचं पुढं काय झालं हो?” गिऱ्हाईक गडबडायचं, बऱ्याचदा त्याने तेवढंही वाचलेलं नसे.

मीही तसंच शिवत गेलो, आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचत. लक्ष्मीबाईंचे यजमान टिळक न सांगता घरातून निघून जातात, अशा एका जागी ती दोन पानं संपली. पुढे कण्याला खळ लावून पुस्तक शिकंज्यात घातलं, तोवर कावळाही शिवून गेला होता.

माझं पान वाढताना आईने विचारलं, “मग आले का रे ते परत?”

“उद्या सांगतो. अजून ओलं आहे.”