धारवाडची रेल्वे कचेरी

धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात इमारत दाखवणारे गृहस्थ बोलता बोलता म्हणाले, “ही मूळची रेल्वेची कचेरी हो.” पुढचं त्यांचं बोलणं माझ्या कानांवरून गेलं. सदर्न मराठा रेल्वेचा कारभार इथून चालायचा. १९०८ साली ती कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली गेली, मुख्यालय मद्रासला गेलं. १९१७ साली कॉलेज निघालं आणि पुढे ही वास्तू त्याच्याकडे आली. जिथं मालाच्या भाड्याचे हिशेब झाले, तिथं पोरं कविता शिकली. एखाद्या कचेरीचं याहून भलं काय व्हायचं!

आमच्या घरी मात्र धारवाड म्हणजे आधी पेढा. काका तिकडून आले की पिशवीतून लाइन बझारचा पुडा निघे. काकू तो आधी देवापुढे ठेवी. तेवढा वेळ आम्ही भावंडं देवघराच्या उंबऱ्यावर बसून राहायचो. कागदाला तुपाचे डाग पडलेले असत. आत तपकिरी, ओबडधोबड गोळे, वरून साखर घोळलेली. चावला की पेढा रवाळ फुटायचा आणि परतलेल्या खव्याचा किंचित करपट वास नाकात चढायचा. शेवटी पुड्याच्या कोपऱ्यात भुगा उरे. त्यावर हक्क धाकट्याचा, म्हणजे माझा. ओलं बोट टेकवून तो टिपून घ्यायचा. साताऱ्याचा कंदी पेढा मला आवडतो, पण खवा इतका परतायची छाती धारवाडकरांचीच. आणि हा पेढा इथं आणला तो उत्तरेतल्या उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबानं. गावाला बाहेरून आलेलं सगळंच मानवतं की काय कोण जाणे.

द. रा. बेंद्रे इथलेच, साधनकेरीचे. गावात कॉलेज निघालं तेव्हा ते बी. ए. करायला पुण्यात, फर्ग्युसनमध्ये होते. घरात मराठी बोलणारा हा माणूस कन्नडचा केवढा मोठा कवी झाला! जी. ए. कुलकर्णी याच गावातल्या दुसऱ्या कॉलेजात अनेक वर्षं इंग्रजी शिकवत होते आणि कथा मराठीत लिहीत होते. १९७३ साल तर मला फार लोभस वाटतं. बेंद्र्यांना कन्नड ‘नाकुतंती’साठी ज्ञानपीठ आणि जी. एं.ना ‘काजळमाया’साठी साहित्य अकादमी, दोन्ही त्याच सालचे. एवढ्याशा गावात दोन भाषांचे दोन मान! त्या वर्षी लाइन बझारात किती पेढे खपले असतील!

जी. एं.नी मात्र आपला पुरस्कार पुढे परत केला.