पहिला फर्लांग

कोण अधिक वेगाने धावतो, हा प्रश्न मनुष्यास बालपणापासून प्रिय असतो. कोण किती वेळ धावतो, हे मात्र तो बहुधा स्वतःला धाप लागल्यावरच विचारतो. आम्हीही ह्या नियमास अपवाद नव्हतो. गणिताचे शिक्षक म्हणून सारे आयुष्य घड्याळ समोर ठेवून मुलांची परीक्षा घेण्यात गेले. त्यामुळे जो लवकर उत्तर देतो तो हुशार, ही आमची समजूत हाडीमासी खिळली होती. तिला धक्का बसला तो एका कुत्रीमुळे, हे सांगण्यास संकोच वाटतो खरा. पण जे घडले ते असे.

आमच्या एकत्र कुटुंबात दोन मुले एकाच वयाची आहेत: आमचा मधू आणि थोरल्या बंधूंचा वासू. मधूला प्रश्न वाचून संपण्याच्या आत उत्तर सुचते. वासू वाचतो, थांबतो, पुन्हा वाचतो, आणि तीन तासांची घंटा होते तेव्हा त्याचे दोन प्रश्न राहिलेले असतात. गेल्या वर्षी त्याने शास्त्रशाखेकडे जावे की नाही, असा विषय घरात निघाला. बंधूंनी आमचे मत विचारले. “ह्याच्याने ते होणार नाही,” असे आम्ही जेवता जेवता सांगून टाकले. वहिनींच्या हातातील वाढणे क्षणभर थांबले. वासू शेजारच्या खोलीत होता, हे आम्हांस नंतर कळले. तो काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून आमच्याकडे गणित विचारावयास यावयाचा बंद झाला.

दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही मुलांना घेऊन आम्ही लातूर जिल्ह्यातील एका स्नेह्यांच्या गावी गेलो. यजमान जुने शेतकरी. त्यांच्या दारात एक कारवानी कुत्री होती: निमुळते तोंड, खोल छाती, पोट पाठीस टेकलेले, पाहणाऱ्यास वाटावे की हिला कोणी जेवू घालीत नाही. त्याच सुमारास त्यांचा पुतण्या शहरातून एक कुत्रा घेऊन आला होता. त्याच्यात विलायती ग्रेहाउंडचे रक्त होते. मांड्या भरीव, अंग रेशमासारखे. मधूने पाहताक्षणी त्याचा पक्ष घेतला. आम्हीही मनातून घेतला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ह्या कुत्र्यांचे जुने काम संपले आहे. माळावरच्या सशाचीही शिकार आज गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणून यजमान कुत्रीला पहाटे फटफटीच्या मागे धाववीत. त्या दिवशी दोघांनाही सोडले. शहरातला कुत्रा बाणासारखा सुटला. बांधावरच्या बाभळीपर्यंत, म्हणजे सुमारे दोन फर्लांगांत, त्याने कुत्रीला चांगलेच मागे टाकले. मधूने टाळ्या पिटल्या. यजमान शांतपणे म्हणाले, “मास्तर, पहिल्या फर्लांगाला कुणाचंच कौतुक करू नगा. बाभळीच्या म्होरं बघा.”

बाभळीपुढे नांगरट होती, मग खडकाळ माळ, मग ओढा. फटफटी कडेच्या वाटेने जात राहिली. कुत्र्याचा वेग मोडला. ओढ्याच्या अलीकडे तो जीभ काढून उभाच राहिला. कुत्री मात्र जशी निघाली होती त्याच लयीत त्याच्या बाजूने पुढे गेली आणि लांब टेकाडावर दिसेनाशी झाली. ती परत आली तेव्हाही तो धापाच टाकीत होता.

घरी आल्यावर आम्ही ह्या विषयावर मिळेल ते वाचून काढले. तेव्हा कळले की त्या बिचाऱ्या कुत्र्याचा दोष काहीच नव्हता. भरधाव पळताना ह्या सर्व जातींची चारही पावले एका झेपेत दोनदा जमिनीवरून उचललेली असतात. एकदा शरीर आखडलेले असताना, एकदा पूर्ण ताणलेले असताना. कण्याची जणू कमानच वाकते आणि सुटते. ग्रेहाउंडमध्ये ह्या कमानीस प्रचंड स्नायूंची जोड असते. सामान्य कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा शंभरात चाळीस-पंचेचाळीस असतो, तर त्याच्या रक्तात पन्नास-साठ. त्यामुळे तो ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. पण हा खर्च साठवणीतला असतो. स्नायू श्वासाची वाट न पाहता शक्ती उधळतात, अंग तापते, आणि कुत्र्याला घाम येऊन निवण्याची सोय नसल्यामुळे धापेवरच सारा भार पडतो. अर्ध्या-एक मिनिटात शिल्लक संपते.

ही घडण झाली ती त्याच्या मैदानामुळे. इंग्लंडातील ससा हिरवळीवर उठे. त्याला थोडी आघाडी देऊन दोन कुत्रे सोडीत, आणि घोड्यावरचा पंच गुण देई. लिव्हरपूलजवळ १८३६ पासून भरणारी ‘वॉटर्लू कप’ ही त्यांतील सर्वांत मानाची स्पर्धा. कायद्याने बंदी आल्यावर २००५ नंतर ती थांबली. तेथे गुण केवळ वेगाला नसत. सशाला वळवावयास लावण्यालाही असत. पुढे अमेरिकेत ओवेन स्मिथ ह्याने यांत्रिक ससा बनविला, १९१९ मध्ये त्यासाठी मैदान उघडले, आणि १९२६ मध्ये तो मँचेस्टरला पोहोचला. हा ससा ठरलेल्या रुळावरून जातो. स्वतःच्या अकलेने वळत नाही, फसवीत नाही. मग राहिला तो निव्वळ वेग. १९२९ मध्ये ‘मिक द मिलर’ ह्या आयरिश कुत्र्याने ५२५ यार्ड ३० सेकंदांच्या आत तोडले तेव्हा लोक हर्षाने वेडे झाले.

अरबस्तानातील सालुकीचे मैदान निराळे. तेथे हरीण दुरून दिसते, जमीन तापलेली आणि वाळूची किंवा दगडाची. म्हणून अरब आपल्या कुत्र्यास उंटावर बसवून नेत आणि सावज दिसल्यावरच सोडीत. पुढे मैलोगणती पाठलाग. वेगात थोडा उणा, पण पाय बळकट आणि दम मोठा, असाच कुत्रा तेथे टिकला. आमच्या दख्खनचा कारवानी त्याच घडणीचा. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज पश्चिमेकडून आले असे मानतात, आणि त्याचे नावही तेच सुचविते. मुधोळच्या घोरपडे संस्थानाने ज्यांना नावारूपाला आणले ते मुधोळ हाउंड ह्यांचेच भाऊबंद. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीटही काढले.

यजमानांची एक खंत होती. “आता पोरं याच्यात विलायती रक्त घालत्यात,” ते म्हणाले. “पहिल्या फर्लांगाला जिंकायचं म्हणून. दम जातो, पाय जातात. आन् एकदा गेलेलं रक्त कुठनं आणावं?”

परतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बांधावर बसलो होतो. वासू कुत्रीच्या पायातले काटे काढीत होता. वर न पाहताच त्याने विचारले, “काका, ती बाभळीपाशीच शर्यत संपली असं ठरवलं असतं, तर ही नापास झाली असती ना?”

“हो,” आम्ही म्हणालो.

“मग बाभळीपाशी संपते हे कोण ठरवतं?”

मुलाचा आवाज शांत होता. त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच तो आम्हांस अधिक लागला. कारण ते ठरविणारांत आम्ही होतो. तीस वर्षे होतो.

घरी आल्यावर आम्ही वासूस एक कठीण प्रश्नपत्रिका दिली आणि घड्याळ कपाटात ठेवले. सकाळी बसलेला मुलगा दुपारचे जेवण मागे सारून पाच तासांनी उठला. एक सोडून सर्व उदाहरणे बरोबर होती, आणि दोन तर आमच्या रीतीहून सुंदर. त्या रात्री पानावर बसल्यावर, सर्वांच्या देखत, आमचे पूर्वीचे मत चुकीचे होते असे आम्ही बंधूंना सांगितले. वहिनींनी काही न बोलता आमच्या पानात भात वाढला; नेहमीपेक्षा जास्तच.

ह्याने सारे सुरळीत झाले असे मात्र कोणी समजू नये. जगातील परीक्षा अजून तीन तासांच्याच आहेत, आणि मधूचा वेग हाही देवाने दिलेला खरा गुणच आहे. ग्रेहाउंडला सालुकी नाही म्हणून हिणवणे हा तितकाच मूर्खपणा होईल. वासू शास्त्रशाखेस गेला आहे. पहिल्या चाचणीत तो मागेच राहिला. आम्ही रोज त्याला थोडे लवकर लिहावयास शिकवितो. तो आम्हांस थोडे थांबावयास शिकवितो. त्याची बाभूळ अजून पुढे आहे, आणि तिच्या पलीकडचा माळ आम्हांस अद्याप दिसलेला नाही.