खांब तोच, पत्ता नांदेड!

पोल डान्स म्हटलं की डोळ्यांसमोर लास व्हेगास येतं. पण या खांबाचं एक मूळ शोधायला ना पासपोर्ट लागतो, ना व्हिसा. नांदेडहून सुटणारी आपली एसटी पुरते!

चकचकीत स्टीलचा खांब आणि त्याला एका पायाने लटकून गरगर फिरणारी मुलगी. गुरुत्वाकर्षण जणू सुट्टीवर गेलंय! असा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेला असणार. २०१७ च्या 'अ जंटलमन' सिनेमात जॅकलिन फर्नांडिस पोलवर चढली, आणि 'हे आपल्यालाही जमलं पाहिजे' असं वाटणाऱ्या मुलींची संख्या नक्कीच वाढली. रात्री साडेअकराला निश्चय होतो, शिकायचंच! सकाळी चहाबरोबर दोन प्रश्न उभे राहतात. नांदेडात राहून हे शिकायचं कसं? आणि घरी काय सांगायचं?

तिसरा प्रश्न जरा उशिरा येतो, पण तोच सगळ्यात अवघड. समजा शिकायला सुरुवात केली, तर टिकवायचं कसं? पहिल्या आठवड्यात उत्साह असतो, दुसऱ्यात मांड्यांवर काळेनिळे डाग असतात आणि तिसऱ्यात 'आज नको, ऑफिसात फार काम होतं' हे वाक्य येतं. या तिन्ही प्रश्नांना घेऊन मी एक वीकेंड काढला. नांदेड, होट्टल, उदगीर, लातूर. सॅकमध्ये पाण्याची बाटली, पायात स्पोर्ट्स शूज, बस्स!

स्टॉप पहिला : नांदेड

नांदेड म्हणजे गोदावरीचा काठ आणि सचखंड श्री हजूर साहिब. आज दिसणारी गुरुद्वाऱ्याची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. देशभरातून माणसं इथे माथा टेकायला येतात, लंगरमध्ये जेवतात आणि तृप्त होऊन परततात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने नांदेडची खासियत वेगळीच आहे. या शहराला अंगमेहनतीची कला रस्त्यावर बघायची सवय आहे. दसऱ्याला आणि होळीनंतर इथे हल्ला-महल्ल्याची मिरवणूक निघते. तलवारी, गतका, घोडे आणि बघ्यांची ही गर्दी! गतका फिरवणाऱ्या पोराला कुणी 'हे काय चाळे' म्हणत नाही. कारण त्यामागे परंपरा आहे, शिस्त आहे आणि वर्षभराचा सराव आहे.

पोलच्या नशिबी हा मान नव्हता. पाश्चात्त्य देशांत तो नाइट क्लबमध्ये वाढला आणि १९९०च्या दशकात तिथून बाहेर पडून फिटनेस क्लासमध्ये शिरला. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या संघटनेने पोल स्पोर्ट्सला निरीक्षक दर्जा दिला, म्हणजे 'खेळ' म्हणून दारात उभं राहायची परवानगी मिळाली. आपल्याकडे मात्र पोल म्हटलं की लोकांना सिनेमातला बारच आठवतो.

गंमत बघा. याच महाराष्ट्रात २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने अटी सैल केल्या. त्यानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी २०१९ मध्ये, दादरच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा भरली आणि परदेशी खेळाडू आपल्या खांबावर चढले. पाय खांबाला, डोकं खाली, सगळं वजन मांडीच्या पकडीवर. खांब स्टीलचा असला की भुवया वर, लाकडाचा असला की टाळ्या!

म्हणजे घरी काय सांगायचं, याचं अर्धं उत्तर नांदेडातच मिळालं. उरलेल्या अर्ध्यासाठी देगलूरची बस पकडली.

स्टॉप दुसरा : होट्टल

देगलूर तालुक्यातलं होट्टल हे गाव तेलंगण-कर्नाटकाच्या सीमेकडे आहे. इथली सिद्धेश्वराची आणि इतर मंदिरं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली. बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी आहेत. दगडाच्या असूनही कमरेत अशा वळलेल्या, की आपल्या योगा टीचरनेही वही-पेन काढावं. आणि खांब! चरकावर फिरवून काढल्यासारखे गुळगुळीत, गोल खांब ही चालुक्य शैलीची ओळखच. (हात लावून बघावासा वाटतो, पण त्यावर चढायचं नाही हं! हा वारसा आहे, जिम नव्हे.)

या खांबांपाशी उभं राहून एक नाव आठवायचं, सोमेश्वर तिसरा. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा चालुक्य राजा कल्याणीहून, म्हणजे आजच्या बसवकल्याणहून, राज्य करत होता. त्याच्या नावावर 'मानसोल्लास' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ आहे. राजाने काय खावं, काय ऐकावं, हत्ती कसे पारखावेत, सगळं त्यात आहे. त्यातच मल्लांच्या करमणुकीचं आणि तयारीचं प्रकरण येतं. मल्लांनी कोणकोणते व्यायाम करावेत? वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम... आणि स्तंभश्रम. स्तंभ म्हणजे खांब, श्रम म्हणजे मेहनत! मल्लखांबाचा इतिहास सांगताना जाणकार याच ग्रंथाकडे बोट दाखवतात.

आता नकाशा उघडा. बसवकल्याण लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, बीदर जिल्ह्यात आहे. म्हणजे खांबावरच्या मेहनतीची ही जुनी नोंद ज्या राजाच्या दरबारात झाली, त्या दरबाराची सत्ता आपल्या याच पट्ट्यावर होती. 'हे फॅड मुंबईहून आलं' असं कुणी म्हटलंच, तर होट्टलचा फोटो पुढे करायचा!

स्टॉप तिसरा : उदगीर

देगलूरहून उदगीरला जाताना काळीभोर शेतं आणि सोयाबीन-तुरीचे पट्टे सोबत करतात. उदगीर म्हणजे किल्ला आणि १७६० ची लढाई. सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथे नमवलं. पेशवे आणि निजाम यांची ही जुनी खुन्नस मल्लखांबाच्या गोष्टीतही डोकावते.

आख्यायिका अशी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या हैदराबादेतून अली आणि गुलाब नावाचे दोन तगडे पहिलवान पुण्याला आले आणि त्यांनी आव्हान दिलं. कुणी पुढे होईना. शेवटी बाळंभटदादा देवधर नावाच्या तरुणाने मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगी गडावर जाऊन तयारी केली. झाडांवरच्या माकडांच्या चपळाईवरून त्याला खांबावरच्या कसरती सुचल्या, असं सांगतात. त्याने अलीला चीत केलं आणि गुलाबने माघार घेतली. गोष्टीत भर किती आणि खरं किती, ते बाजूला ठेवू. पण मागे पडलेल्या मल्लखांबाला पुन्हा उभं करण्याचं श्रेय बाळंभटदादांना दिलं जातं. पुढे बाजीराव बिठूरला गेला, तिथे लहानगी मनू, म्हणजे नंतरची झाशीची राणी, मल्लखांब शिकली असंही सांगतात.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. म्हणजे या गोष्टीत आपण अली-गुलाबच्या बाजूचे! पुण्याच्या गोष्टीतले 'व्हिलन' आपल्या वाटेने आले होते, आणि त्यांच्यामुळेच खांब पुन्हा उभा राहिला. क्रेडिट थोडं आपल्यालाही हवंच की!

जरा टेक्निकल बोलू

दोन्ही खांब सारखे दिसले तरी स्वभाव वेगळा. स्पर्धेचा पोल ४५ मिलिमीटर जाडीचा, वरपासून खालपर्यंत सारखा. मूठ जवळपास पूर्ण बसते, म्हणून हातांवर भर. मल्लखांब सागवानाचा किंवा शिसवीचा, जमिनीत पुरलेला, तळाशी जाड आणि वर निमुळता. त्याला अंग, मान आणि टोकाला बोंड असतं. तळाशी मूठ बसतच नाही, म्हणून मांड्या, पोटऱ्या आणि काखेची पकड तयार करावी लागते. स्टीलवर घाम आला की हात सुटतो, म्हणून तळवे कोरडे ठेवायचे. लाकडावर उलट, एरंडेल चोळतात, म्हणजे कातडी घासून सोलवटत नाही.

पोलवर कमी कपडे का, याचं उत्तरही इथेच आहे. कातडी धरते, कापड घसरतं. मल्लखांबपटूच्या अंगावरही मोजकेच कपडे असतात, त्याचं कारण हेच. फॅशन नाही हो, फिजिक्स!

पोलच्या क्लासमध्ये ज्याला 'इनव्हर्ट' म्हणतात, म्हणजे हातांनी धरून पाय वर नेऊन उलटं लटकायचं, त्याचा गावाकडचा भाऊ म्हणजे अढी. पोलवरचा 'फ्लॅग', म्हणजे खांबापासून अंग आडवं ताठ धरणं, त्याची बहीण पताका. नावं बदलली तरी दुखणारे स्नायू तेच. मुलींसाठी दोरीचा मल्लखांबही आहे. वरून सोडलेल्या सुती दोरीवर, पायाच्या अंगठ्याच्या पकडीत दोरी धरून आसनं करायची. मुंबईची हिमानी परब हिला या खेळासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री. घरी काय सांगायचं, याचं उरलेलं उत्तर हे घ्या!

स्टॉप चौथा : लातूर

लातूरला उतरलं की आधी सुशीला खायचा. चुरमुऱ्यांचा, कांदा-मिरचीचा, लिंबू पिळलेला. मग शहराकडे बघायचं. क्लासेसच्या पाट्या, सॅक पाठीला लावलेली पोरं, हातात टेस्ट पेपर. 'लातूर पॅटर्न' म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. पेपर सोडवायचा, तपासायचा, परत सोडवायचा. त्यात 'आज मूड आहे का?' हा प्रश्नच नसतो.

याच जिल्ह्यातल्या, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० मध्ये एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्णपदक घेऊन आले. तालमीतही पॅटर्न तोच. ठरलेली वेळ, ठरलेल्या जोर-बैठका आणि शेजारी घाम गाळणारा जोडीदार.

आणि इथे मला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिसलं. आपण मोटिव्हेशनची वाट बघतो, जणू ती शेवटची बस आहे. तालमीत कुणी वाट बघत नाही. तिथे वेळ झाली की पाय वळतात, नाही वळले तर जोडीदार हाक मारतो. पोल एकटीने, बंद खोलीत, व्हिडिओ बघून शिकायला गेलं की तो सुटतो, कारण त्या खोलीत हाक मारणारं कुणी नसतं. अबूझमाडच्या आदिवासी भागातल्या मुलांचा मल्लखांब ग्रुप २०२३ मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकला. महागडा स्टुडिओ नाही, झगमगाट नाही. होता तो कोच, खांब आणि एकमेकांना वर ढकलणारी पोरं.

नांदेड-लातूरच्या मुलींनी खांबाला हात घालावा तो 'बोल्ड' दिसण्यासाठी नाही. आपलं वजन आपल्याला उचलता येतं, हे एकदा अंगाला कळलं की ऑफिसातल्या खुर्चीतसुद्धा आपण वेगळ्या ताठ बसतो. त्यासाठी खांब स्टीलचा की सागवानी, हा प्रश्न दुय्यम. मल्लखांबाचा किंवा दोरीचा क्लास मिळाला तर तिथून सुरुवात करा, पकड तयार होईल. पुढे पुणे-मुंबई-हैदराबादला पोल स्टुडिओत गेलात, तर तिथे नवख्या ठरणार नाही!

प्रॅक्टिस टिकवायचा फंडा

* आठवड्यात तीन दिवस, ठरलेली वेळ. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पहाट बेस्ट. दुपारी तळव्यांना एवढा घाम येतो की स्टील हातात टिकत नाही.
* जोडीदार हवाच. ती सांभाळायलाही आणि उठवायलाही. खाली जाड मॅट हवी, आणि उलटं लटकणं कोचशिवाय नाही म्हणजे नाही.
* मोठी पोझ टार्गेट करू नका. 'आज एक श्वास जास्त धरला' हेही यशच.
* डाव्या बाजूलाही तेवढाच वेळ द्या. आवडती बाजूच केली की अंग एकीकडे तयार होतं.
* सुरुवातीचे डाग घाबरवतात, पण हळूहळू कातडी सरावते. खांदा किंवा मनगट मात्र टोचून दुखलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.
* प्रॅक्टिसच्या दिवशी अंगाला लोशन नको, बोटात अंगठी नको.
* महिन्यातून एकदा स्वतःचा व्हिडिओ काढा. आरसा रोज तेच दाखवतो, फरक व्हिडिओत दिसतो.
* घरी पोल बसवताय? दाब देऊन उभा राहणारा पोल पक्क्या स्लॅबखालीच. माळवदाच्या किंवा फॉल्स सीलिंगच्या घरात हा प्रयोग अजिबात नको.

कसं जाल?

नांदेडला रेल्वेने या, पहिला दिवस शहर आणि गुरुद्वारा. दुसऱ्या दिवशी सकाळी देगलूर आणि होट्टल, मग उदगीर, संध्याकाळी लातूर. एक दिवस जास्त असेल तर उदगीरहून भालकीमार्गे बसवकल्याणचा किल्ला करून या. जिथे जिथे खांब दिसेल तिथे फोटो काढा, आणि सोमवारी ऑफिसला जाण्याआधी पहिली प्रॅक्टिस!