अळणी

परवा जिन्यात मटण शिजत असल्याचा वास आला. मसाल्याचा नव्हे, नुसती हळद, आलं-लसूण आणि चरबी. कुणाकडे तरी अळणी उकळत होतं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेत उगाच रेंगाळलो.

कराडला आजी मटणाला हळद-मीठ चोळून ते पातेल्यात परते आणि वर झाकण म्हणून पाण्याने भरलेलं ताट ठेवी. ताटातलं पाणी कढत झालं की तेच आत. मसाला पडायच्या आधी डावभर रस्सा वाट्यांत काढून ती हाक मारी, ‘पोरांनो, अळणी घ्या!’ वर पिवळा तवंग, तळाशी एखादी नळी. बाळंतीण असो की तापातून उठलेलं पोर, पहिला मान त्यांचा.

गंमत म्हणजे त्यात मीठ असायचंच. अळणी हे मूळचं अलवण, म्हणजे बिनमिठाचं. पण आमच्या घाटावर मिरची पडली नाही की पदार्थ अळणीच. मिठाला विचारतो कोण!

पुढे एका संपादकांनी माझी कथा परत पाठवली. समासात लाल शाईत एकच शब्द : ‘अळणी’. सपक म्हणाले असते, मिळमिळीत म्हणाले असते, तर गिळलं असतं. आजीच्या वाटीतला शब्द त्यांनी असा वापरावा, याचा राग अजून गेलेला नाही. जाऊही नये.

मिठावरून गांधीजी आठवतातच. दक्षिण आफ्रिकेत आजारी कस्तुरबांना त्यांनी मीठ आणि डाळी सोडायला सांगितलं. ‘तुम्हाला तरी सोडवेल का?’ असं त्या म्हणाल्या, तर यांनी तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. बा रडल्या. आत्मकथेत हा प्रसंग प्रेमाचा म्हणून येतो. मला त्यात बांची कोंडीच जास्त दिसते. त्याच माणसाने ६ एप्रिल १९३० ला दांडीला मीठ उचललं, मे महिन्यात आपल्या शिरोड्यालाही सत्याग्रह झाला. साबरमतीहून निघालेल्या जथ्यात मात्र एकही बाई नव्हती. घरोघरी मिठाचा अंदाज ज्यांच्या चिमटीत, आणि तो चुकला की बोलणीही ज्यांनाच, त्या मागे राहिल्या.

आमचे आजोबा गांधीटोपीवाले. भाजी अळणी लागली की ताट पुढे सरकवत आणि गप्प बसत. मिठाची बरणी हातभर अंतरावर असे.