जखमेवरची माशी

आमच्या सीमाभागातल्या खेड्यांत पावसाळ्यात बैलाच्या खांद्याला जखम झाली की जाणती माणसे आधी तिचा वास घेतात. वास आला की अळ्या पडल्या असे समजायचे. मग बैलाला धरून अळ्या काढायच्या आणि डांबरगोळीची पूड भरायची. कन्नडमध्ये माशीला ‘नोण’ म्हणतात, बडोद्याला मामांकडे गेलो तर तिथे ‘माखी’. पण जखमेवर बसणाऱ्या सगळ्या माश्या सारख्या नसतात. एका जातीच्या अळ्या सडलेले नव्हे, जिवंत मांस खातात. मादी जखमेच्या कडेला एका वेळी 150 ते 200 अंडी घालते आणि दिवसाच्या आत अळ्या बाहेर येतात.

बडोद्याच्या कमाटीबागेत हरणांसमोर उभा असताना माझ्या मनात हेच आले. हरीण जीभ पोहोचेल तिथली जखम चाटते. मानेवरची, शिंगाच्या मुळाशी झालेली कशी चाटणार? बागेत निदान रखवालदार आहे. रानात त्याला धरून अळ्या कोण काढणार?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या बेटांवर कुत्र्याएवढी छोटी हरणे आहेत, ती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. 2016 मध्ये तिथे अशीच माशी आली आणि 135 हरणे गेली. माजावर आलेले नर झुंजतात, त्यांनाच जखमा जास्त. सरकारने किरणांनी वंध्य केलेल्या कोट्यवधी माश्या सोडल्या. मादी जन्मात एकदाच जुगते, जोडीदार वंध्य निघाला की अंडी फुकट! बाजारात खोटी नाणी सोडून व्यापार बुडवावा तसला हा प्रकार. 2017 च्या वसंतात तिथली माशी संपली.

आपल्याकडे कुनोत जुलै 2023 मध्ये तेजस आणि सूरज हे आफ्रिकेतून आणलेले चित्ते मेले. त्यांच्या अंगावर तिकडच्या हिवाळ्याची दाट लव आणि इथे मात्र पावसाळा. कातडी ओली राहून चिघळली, तिच्यात अळ्या पडल्या आणि विष रक्तात भिनले.

तेच कुनो मुळात गीरच्या सिंहांसाठी तयार केले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सिंह हलवायला सांगितले, पण एकही गेला नाही. मामांना त्यात गैर वाटत नाही. “अरे, धारी-दलखाणिया हा आपल्या गायकवाडांचा मुलूख. तिथले सिंह दुसऱ्याला का द्यायचे?” म्हणाले. त्याच दलखाणियात सप्टेंबर 2018 मध्ये तीन आठवड्यांत 23 सिंह विषाणूने आणि गोचिडीच्या तापाने गेले. टांझानियातल्या न्गोरोंगोरोत तर 1962 मध्ये नुसत्या चावऱ्या माश्यांनी 60-70 सिंहांतून 10 च्या आसपास ठेवले.

मी म्हणालो, “मामा, सगळे भांडवल एकाच पेढीत ठेवू नये, हे आम्हाला कॉमर्सला शिकवतात. तुम्ही तरी ठेवाल का?”

“पैशाची गोष्ट वेगळी,” मामा म्हणाले.

2024 मध्ये पावसाळ्याआधी कुनोतल्या चित्त्यांच्या अंगाला परजीवींवरचे औषध लावले. मोजके चित्ते, म्हणून ते जमले. 2025 च्या गणतीत गीर आणि भोवतालच्या मुलखात 891 सिंह भरले. चितळांची संख्या तर त्याहून कितीतरी जास्त.