इंजिनाखालच्या रबरास

प्रिय फाउंडेशन,

पार्टच्या डब्यावर तुझं नाव 'इंजिन माउंट' असं छापलेलं असतं. गॅरेजात मात्र तुला सगळे फाउंडेशनच म्हणतात. 'साहेब, फाउंडेशन बसलंय' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, म्हणून पत्रातही तेच नाव लिहितो. पण या नावानेच माझी बरीच वर्षं दिशाभूल केली, हेही सांगून टाकतो. घराचा पाया हलता कामा नये. तू मात्र हलण्यासाठीच घडवलेलं आहेस, आणि हे मला फार उशिरा कळलं.

माझी गाडी २०१४ ची पोलो जीटी टीएसआय, इथल्याच चाकणच्या कारखान्यातून निघालेली. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क. २०२२ मध्ये पोलो आपल्याकडे बनायची थांबली, तेव्हापासून ही जास्तच जपतो. इंजिन रिमॅप करून घेतलं आणि टॉर्क वाढला, तशी तुझ्याकडे पहिल्यांदा नजर गेली. ताम्हिणी घाटात पावसाळ्यात एका चढाच्या वळणावरून बाहेर पडताना पाय जोरात दाबला आणि पुढून धडधडधड असा आवाज आला, जणू चाकं रस्त्यावर उड्या मारताहेत. खरोखरच मारत होती. टायर पकड घेतो, सोडतो, पुन्हा घेतो. दर वेळी इंजिन मागे झुकतं आणि झटक्याने पुढे येतं. तुझं रबर पीळ भरलेल्या दोरीसारखं ताणलं जातं आणि सुटतं, आणि प्रत्येक सुटण्याचा हिसका एक्सेलवाटे पुन्हा टायरला बसतो.

या गाडीत तुम्ही तिघं आहात. उजवीकडे इंजिनाला धरणारं एक, डावीकडे गिअरबॉक्सला धरणारं दुसरं. या दोघांवर सगळं वजन टांगलेलं असतं. तिसरं खाली, गिअरबॉक्स आणि सबफ्रेमच्या मध्ये, हाडाच्या आकाराचं. त्याच्यावर वजन जवळजवळ नसतंच. त्याने फक्त झोका अडवायचा. इंजिनाचा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये चाकापर्यंत पोचतो तेव्हा कितीतरी पटींनी वाढलेला असतो. चाकाला पुढे फिरवायला जितका जोर लागतो, तितकाच जोर इंजिनाला उलट फिरवू बघतो: डोकं मागे, पाय पुढे. हा सगळा हिसका त्या खालच्या हाडाच्या बुशवर येतो.

हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. पुण्यातल्या एका ट्युनिंगच्या दुकानात गेलो, तर त्यांनी तिन्ही कडक पॉलियुरेथेनची काढून समोर ठेवली. 'रेसवाले हेच लावतात' एवढ्यावर मी हो म्हणालो. दोन तासांत गाडी तयार. पहिल्या सिग्नलपर्यंत मी खूश होतो, कारण पाय दाबला की गाडी तत्क्षणी उत्तर देत होती. सिग्नलला थांबलो, एसी सुरू होता, आणि स्टिअरिंगपासून सीटपर्यंत सगळं थरथरायला लागलं.

आई मागे बसली होती. तिच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. मांडीवर स्टीलचा डबा, आणि त्याचं झाकण किणकिण वाजत होतं. तिने झाकणावर हात ठेवला आणि म्हणाली, 'अरे, गाडीला हीव भरलंय का?' त्या दिवसानंतर वर्षभर ती त्या गाडीत बसली नाही. मला त्या दुकानाचा राग आहे, पण त्याहून जास्त खंत याची आहे की मी तुझं काम समजून न घेता तुला बदलून टाकलं.

ते काम काय, हे आकड्यांत किती सोपं आहे बघ. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. सिग्नलला उभ्या गाडीत मिनिटाला ७५० फेरे धरले तर सेकंदाला २५ ठोके. तू मऊ असलंस तर हे ठोके तुझ्यातच जिरतात. इंजिन तुझ्यावर ज्या संथ गतीने डुलतं, ती गती या २५ ठोक्यांच्या बरीच खाली राहते, म्हणून बॉडीपर्यंत फारसं काही पोचत नाही. तुला कडक केलं की ती गती वर चढत ठोक्यांच्या जवळ येते आणि मग थरथर अडण्याऐवजी वाढते. डब्याचं झाकण त्यामुळे वाजत होतं.

तुझ्या आधीच्या गाड्यांत इंजिन चेसीला सरळ किंवा जेमतेम पॅड देऊन आवळलेलं असे. १९३१ मध्ये क्रायस्लरने प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' आणलं: पुढचा आधार उंच, मागचा खाली, दोन्ही रबराचे, आणि त्यांना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाणारी. इंजिन आपल्या नैसर्गिक आसाभोवती डुलायला मोकळं झालं. सित्रोएनने ही कल्पना परवाना घेऊन उचलली आणि १९३२ मध्ये गाडीच्या जाळीवर आपल्या चिन्हासोबत पोहणारा हंस लावला. तुझ्यासारख्या काळ्या, तेलकट गोष्टीचं याहून सुंदर चित्र मी पाहिलेलं नाही.

आणि 'रेसवाले'? १९६७ मध्ये झांडफोर्टच्या फॉर्म्युला वन शर्यतीत जिम क्लार्कने लोटस ४९ जिंकवली, त्या गाडीत कॉसवर्थचं इंजिन रबराशिवाय बॉडीला थेट बोल्ट केलेलं होतं. पण तिथे इंजिन हाच गाडीचा मागचा सांगाडा होता. मागचं सस्पेन्शन इंजिन आणि गिअरबॉक्सवरच टांगलेलं. तिथे रबर ठेवलं असतं तर गाडी मधूनच वाकली असती. त्या गाडीला दोन तास पळायचं होतं, चालवणारा एकटा होता. माझ्या पोलोशी तिची तुलना करणं चूक होतं. उलट पोर्शेने ९११ जीटी३ साठी जे केलं त्यात तुझी खरी कदर दिसते: माउंटमध्ये लोहकण मिसळलेला द्रव, चुंबकीय क्षेत्र दिलं की तो घट्ट होतो. वळणात कडक, सरळ रस्त्यावर मऊ. रस्त्यावरच्या गाडीत तुला दोन्ही करता यायला हवं, हे त्यांना कळलं होतं.

पोर्शेचं तंत्र पोलोत बसत नाही. पण तिघांची कामं वेगळी आहेत, हे बसतं. म्हणून तिन्ही पुन्हा कंपनीची रबरी घेतली आणि फक्त खालच्या हाडाच्या मोठ्या बुशच्या पोकळ्यांत पॉलियुरेथेनचा तुकडा बसवायचं ठरवलं. हे तुकडे शोअर ए या कडकपणाच्या मापाने साधारण ७० ते ९५ पर्यंत मिळतात. ९५ चा ट्रॅकसाठी. मी मऊ बाजूचा घेतला. वजन पेलणाऱ्या दोघांना मऊ ठेवायचं आणि झोका अडवणाऱ्याला थोडं कडक करायचं, एवढीच ती निवड. रोज शहरात चालणारी गाडी असेल तर दुसऱ्या कुणालाही मी हेच सांगेन, दुकानदार काहीही म्हणो.

बसवताना या वेळी मी गॅरेजवाल्या काकांच्या शेजारी उभा राहिलो. पंचवीस वर्षं गाड्यांखाली घालवलेला माणूस. त्यांनी आधी गिअरबॉक्सखाली आणि ऑइलच्या चेंबरखाली जाड लाकडी फळी देऊन जॅकने फक्त भार घेतला. जॅक थेट चेंबरला लावला तर चेंबर चेपतं किंवा चिरतं. मग एका वेळी एकच फाउंडेशन सोडलं, तिन्ही कधीच एकदम नाही, नाहीतर इंजिन सरकतं आणि होज, वायरिंग, सायलेन्सरचा लवचिक पाइप म्हणजे फ्लेक्सी असं सगळं ताणलं जातं. ट्युनिंगच्या दुकानात हेच झालं असावं, कारण फ्लेक्सी एका बाजूला ओढलेला निघाला आणि त्याच्या जाळीला चीर होती.

दुकानाने काढलेलं माझं जुनं, कंपनीचं हाड मी डिकीत ठेवलं होतं. काकांनी त्याचा बुश बॅटरीच्या उजेडात धरला. मधल्या धातूच्या नळीला धरून ठेवणाऱ्या रबराच्या दोन पाकळ्या. एक नखाएवढी फाटलेली, आणि रबर फुगून चकचकीत, बोट लावलं की काळं येत होतं. काकांनी वास घेतला. 'डिझेल,' ते म्हणाले. 'सर्व्हिसिंगला खालून डिझेल मारतात ना, चकाचक दिसावं म्हणून. रबर खातं ते.' तेव्हा कळलं की ताम्हिणीत तू आधीच अर्धमेलं होतंस, आणि दोष मी तुझ्या मऊपणाला दिला.

नवे बोल्ट आणले होते. या गाडीचे बोल्ट ताणून बसणारे, एकदा आवळले की पुन्हा वापरायचे नसतात. सगळे आधी हातानेच लावले. मग जॅक उतरवला, काकांनी इंजिन दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे डुलवलं आणि सोडून दिलं. ते दोन-तीनदा झुललं आणि आपल्या जागी येऊन थांबलं. आम्ही दोघं काही न बोलता बघत होतो. 'आता ते जिथे थांबलंय तिथेच आवळायचं,' काका म्हणाले. उचललेल्या अवस्थेत आवळलं असतं तर रबर जन्मभर पिळलेलंच राहिलं असतं. मग टॉर्क पाना, मॅन्युअलमधला आकडा, त्यावर पाव फेरा. प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ, सैल झाला तर दिसावा म्हणून.

थरथर अजिबात नाही असं नाही. थंड इंजिनावर पहिलं मिनिटभर पायाखाली बारीक गुणगुण येते, मग विरते. ताम्हिणीतल्या त्याच चढावर मुद्दाम गेलो, पाय दाबला. टायर थोडे घसरले, पण उड्या नाहीत. आणि गेल्या रविवारी आई सासवडला मावशीकडे गाडीतून आली. डबा मांडीवर होता. हडपसरच्या सिग्नलला आम्ही तीन मिनिटं उभे होतो, आणि ती मावशीच्या नातवाच्या मुंजीबद्दल बोलत राहिली.

पुढच्या महिन्यात सर्व्हिसिंग आहे. रॅम्पवर गाडी चढली की फवाऱ्याची गन धरलेल्या पोराशेजारी मी उभा राहीन आणि त्याला सांगेन, इथे फक्त पाणी मार.

तुझा,
एक पोलोवाला, पुणे