इचार की, पोरी

आमच्या घरात भीड हा संस्कार होता. शेजारणीकडे विरजण मागायला पाठवतानाही आई दहादा विचार करायची. डॉक्टर, मास्तर, बँकेतले साहेब यांच्यापुढे उगाच तोंड उघडू नये, ते सांगतील तेवढं ऐकावं आणि नमस्कार करून निघावं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात अशा मुलीला गुणाची म्हणतात. सव्विसाव्या वर्षापर्यंत मी तशीच होते. त्या गुणातून मला बाहेर काढलं औसा तालुक्यातल्या एका शेतकरी बाईंनी. आमचं रक्ताचं नातं नाही, गावचं नाही, जातीचं नाही. मी त्यांना मावशी म्हणते, आणि माझ्यावर ज्यांचं ऋण आहे त्यांत आईवडिलांच्या लगेच नंतर त्यांना धरते.

२०१४ साली माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, जिभेच्या कडेला आलेला, काही केल्या न भरणारा फोड कॅन्सरचा निघाला. अण्णा प्राथमिक शिक्षक. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी मुलांकडून पाढे म्हणून घेतलेले, संध्याकाळी देवळात भजनाला बसलेले. आई दम्यानं घरी, भावंड कुणी नाही. मीच त्यांना घेऊन परळला टाटा हॉस्पिटलला गेले. १९४१ पासून हे इस्पितळ देशभरातल्या माणसांचा शेवटचा भरवसा आहे. बोर्जेस रोडच्या फुटपाथवर बंगाल-बिहारपासूनची कुटुंबं चटया टाकून असतात, प्रत्येकाच्या उशाशी एक्स-रेची पिशवी. आम्ही नशीबवान; आम्हाला दादर पूर्वेच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. लोकांनी दिलेल्या पैशातून गाडगेबाबांनी स्वतःसाठी झोपडीसुद्धा बांधली नाही, धर्मशाळा बांधल्या. आपल्याला पाहुण्यासारखं ठेवून घेणारं कुणी या शहरात आहे, एवढ्यानंच पहिल्या रात्री मला रडू फुटलं.

मावशी शेजारच्याच खाटेजवळ राहत होत्या. त्यांच्या मालकांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता. त्यांनी माझं रडणं पुरतं होऊ दिलं, मग विचारलं, "जेवलीस का?" मी नाही म्हटलं. "मग आदी जेव. उपाशी पोटी रडलं की भ्या दुप्पट वाटतंय." ताणतणावावर पुढे मी बरंच वाचलं, पण याहून उपयोगी सुरुवात मला कुठं सापडली नाही.

माझा खरा ताण आजाराचा होता तेवढाच न विचारलेल्या प्रश्नांचा होता. अण्णांच्या जिभेचा भाग काढणार, हे कळलं होतं. किती काढणार? नंतर ते बोलू शकतील का? रात्रभर मी हे प्रश्न मनात घोकायचे. ओपीडीत डॉक्टरांसमोर उभी राहिले की मागची रांग दिसायची, त्यांचा थकलेला चेहरा दिसायचा, आणि माझ्या तोंडून "बरं, सर" एवढंच निघायचं. बाहेर आल्यावर अण्णा माझ्याकडे बघायचे. तेही विचारायचे नाहीत. एकमेकांना त्रास नको म्हणून आम्ही बापलेक मुकाट बसायचो, आणि घशाशी आलेलं ते ओझं पुन्हा धर्मशाळेत घेऊन यायचो.

मावशींनी हे दोन दिवसांत ओळखलं. एका संध्याकाळी म्हणाल्या, "इचार की, पोरी. न्हाई इचारलं तर कळंल कसं? डाक्टर काय मनातलं वाचतंय व्हय?" मी म्हटलं, "त्यांना वेळ नसतो, मावशी." त्यावर त्या म्हणाल्या, "म्हनून तर लिहून न्यायचं. तीनच. लई न्हाईत. आन् पैला सगळ्यात भ्या वाटनारा." दोन इयत्ता शिकलेल्या या बाईंनी मला चाळीस पानी वही आणायला लावली.

पण वहीनं भीड मोडत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या मला रोज कुणाला ना कुणाला काहीतरी विचारायला पाठवायच्या. पहिल्या दिवशी चहावाल्याला, गरम पाणी फुकट मिळेल का म्हणून. मग धर्मशाळेच्या व्यवस्थापकांना, अण्णांची खाट पंख्याखाली हलवता येईल का म्हणून. मग जीवनदायी योजनेच्या टेबलावर, आमच्या केशरी रेशनकार्डावर शस्त्रक्रिया बसते का म्हणून. मग रेल्वेच्या खिडकीवर. तिथं कळलं की रुग्णाला स्लीपरमध्ये भाडं माफ आणि सोबत्यालाही मोठी सवलत असते, फक्त इस्पितळाचं प्रमाणपत्र लागतं. काही जण तुटकपणे बोलले. मी संध्याकाळी येऊन ते सांगितलं की मावशी विचारायच्या, "मंग? मेलीस का?" त्या हे हसून म्हणायच्या नाहीत. खरंच उत्तर हवं असल्यासारख्या थांबायच्या, आणि मला "नाही" म्हणावं लागायचं.

फार नंतर मी अल्बर्ट एलिसबद्दल वाचलं. १९५५च्या सुमारास अमेरिकेत विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू करणारा हा मानसशास्त्रज्ञ तरुणपणी इतका लाजाळू होता की मुलींशी बोलणं त्याला जमत नसे. एकोणिसाव्या वर्षी त्यानं न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभरात शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलायचं ठरवलं. भेटायला म्हणून त्यांतली एकच तयार झाली आणि तीही आली नाही. पण त्याची भीती गेली. वाचताना मी पुस्तक खाली ठेवून मावशींना फोन लावला. एलिस कोण हे त्यांना सांगत बसले नाही. नुसतं, आठवण आली म्हणाले.

त्यांना हे शहाणपण कुठून आलं, ते त्यांनी एका रात्री सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव दमून झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. तिकडची घरं जाड दगडमातीच्या भिंतींची, वर मातीचं जड माळवद. ती झोपलेल्या माणसांवरच बसली. जवळपास दहा हजार माणसं गेली. मावशींची सासू आणि पहिला मुलगा त्यांत होते. मावशींना मालकांनी दोन्ही हातांनी माती उकरून बाहेर काढलं. नखं गेली होती त्यांची, म्हणाल्या, आणि पलीकडे झोपलेल्या मालकांच्या हातांकडे पाहिलं.

मग पत्र्याच्या शेडमधले दिवस. मदत भरपूर येत होती. पण दुःखानं गप्प झालेली माणसं शेडमध्येच बसून राहिली आणि ज्यांच्या अंगात विचारायची ताकद उरली होती, त्यांना ब्लँकेट मिळालं, असं मावशींनी पाहिलं. पुढे पुनर्वसनाची घरं जमिनीच्या प्रमाणात दिली गेली: २५० चौरस फूट, ४०० किंवा ७५०. यांची जमीन दोन हेक्टर, म्हणजे ४०० चौरस फुटांचं घर. यादीत लागलं २५०. मालक म्हणाले, जाऊ दे, जीव वाचला. मावशी कडेवर लेक घेऊन, सातबारा पदरात बांधून गेल्या आणि घर मिळेपर्यंत जात राहिल्या. "मला काय भीड नव्हती व्हय? पन पोटचं गेल्यावर साहेबाची काय भीड धरायची?"

शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात मी वही उघडून डॉक्टरांसमोर उभी राहिले. हात थरथरत होते. पहिला प्रश्न वाचला: अण्णा बोलू शकतील का? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याच वहीत जिभेचं चित्र काढून दाखवलं, किती भाग जाईल तिथं रेघ मारली, मनगटाजवळची कातडी घेऊन ती जागा कशी भरतील ते सांगितलं. बोलणं येईल, पण काही अक्षरं बोबडी राहतील. वाचा-उपचारतज्ज्ञाकडे व्यायाम करावे लागतील. सुरुवातीला नाकातल्या नळीनं खाणं. मावशींनी शिकवल्याप्रमाणे मी ते सगळं माझ्या शब्दांत परत म्हणून दाखवलं. एके ठिकाणी मी चुकीचं समजले होते, ते त्यांनी दुरुस्त केलं. पाच मिनिटंही लागली नसतील. अण्णा शेजारी होते. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या हातातली वही मागून घेतली आणि खाली स्वतःच्या वळणदार अक्षरात चौथा प्रश्न लिहिला: भजन?

तो प्रश्न पुढच्या खेपेला त्यांनी स्वतः विचारला.

नंतरचं थोडक्यात सांगते. शस्त्रक्रिया झाली, मग सहाएक आठवडे रेडिएशनचा शेक. तोंड आतून सोलून निघालं. नाचणीची पेज सुती फडक्यातून कशी गाळायची म्हणजे नळीत अडकत नाही, हे मावशींनीच दाखवलं. माझ्या रात्रीच्या धडधडीवर त्यांचा उपाय होता काळजीची वेळ ठरवून टाकायचा: दिवेलागणीला एक तास, दोघींनी मिळून, मोठ्यानं बोलून. बाकी वेळी काही मनात आलं की म्हणायच्या, "ते संध्याकाळचं." अण्णांना आज 'र' आणि 'ळ' नीट येत नाहीत. गुरुवारी ते भजनाला बसतात, टाळ धरतात आणि गातातही.

मावशींचे मालक २०१६ साली गेले. महिनाभरानं मावशींचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "पोरी, येतीस का?" मी लातूर एक्स्प्रेसनं गेले. इस्पितळात कुणालाही विचारणारी ही बाई स्वतःच्या घरात भिंतीला टेकून बसली होती. वारसनोंद करायची होती. दिराचं म्हणणं, मुलाचं नाव लावू, दोन्ही मुलींकडून हक्कसोड लिहून घेऊ, आपल्यात असंच असतं. मावशींना ते पटत नव्हतं आणि बोलवत नव्हतं. "साहेबाला इचारनं सोपं हाय गं. ही भावकी हाय. उद्या लेकरांच्या लग्नाला हीच मानसं लागत्यात."

मला तिथं बोलायचा अधिकार नव्हता, आणि मी बोललेही नाही. रात्री फक्त वही काढली. मुलींना बोलावलं. मावशी सांगत गेल्या, धाकटीनं लिहिलं. तीन झाले. पहिला सगळ्यात भीती वाटणारा.

सकाळी आम्ही तलाठी कार्यालयात गेलो. दीर होते, चुलत दीर होते. तलाठ्यांनी नीट समजावलं: मृत्यूचा दाखला आणि अर्ज द्यायचा, वारसांची नोंद सहा-क नोंदवहीत होईल, मग फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, आणि शेवटी मंडळ अधिकारी प्रमाणित करतील. मग त्यांनी विचारलं, वारस कोण कोण? दीर बोलू लागले. मावशींनी डोक्यावरचा पदर सावरला. माझ्याकडे पाहिलं नाही, वहीकडेही पाहिलं नाही.

"साहेब, लेकींनी हक्क सोडला न्हाई तर नोंद होत न्हाई का?"

"होते की," तलाठी म्हणाले.

"मंग चौघांची लिवा."